कुंचीतलं लेकरू

ते साल दोन हजार तेवीस. पावसानं हात आखडता घेतला होता, पण सीताफळं मात्र माळामाळांवर अशी लगडली होती की लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात पाटीला पाटी लागली होती. दसरा उलटल्यावरच्या एका सकाळी साखराबाई मेथीच्या जुड्या घेऊन शेअरच्या ऑटोत चढल्या. मागच्या सीटवर आधीच एक म्हातारी बसलेली होती, मांडीवर लेकरू घेऊन. पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना क्लासची दोन पोरं अर्धी बाहेर लोंबकळत होती. म्हातारी साखराबाईंच्याच वयाची, चांगल्या घरची दिसत होती. अंगावर इरकली लुगडं, नाकात चमकी, कपाळाला विभूती. लेकरू नखशिखांत झाकलेलं, गुलाबी कुंचीत. कुंचीच्या कडेला लाल गोंडे, आणि जिथं कपाळ असावं त्या जागी कापडावरच काजळाची मोठी तीट. कापडाला तीट लावलेली साखराबाईंनी जन्मात पाहिली नव्हती, पण त्यांना ते आवडलं. हल्लीच्या सुना लेकराच्या कपाळाला काजळ लावू देत नाहीत, तेव्हा आजीनं ही आपली वाट काढलेली असणार. "नातू का वो?" त्यांनी विचारलं. "नात हाय," म्हातारी म्हणाली, "आत्ताच निजलीया." एवढ्यात ऑटोनं एका खड्ड्यात उडी घेतली, मेथी पायाशी गेली, आणि साखराबाईंचा तळहात आधाराला म्हणून त्या लेकराच्या पाठीवर पडला. पाठ ऊबदार होती. श्वास घेत होती. पण कापडाखाली थरावर थर होते, टणक, एकाखाली एक गेलेले. आणि हात पडताच ते सगळं मिळून आत आवळलं गेलं. लेकरू दचकलं की हातपाय फाकतं. आवळत नाही. साखराबाईंचा हात तिथंच राहिला. शेवटी म्हातारीनंच तो मनगटाला धरून अलगद उचलला, त्यांच्या मांडीवर ठेवून दिला, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "दृष्ट लागती." मग औसा रोडच्या वळणावर ती उतरून गेली, मागं न बघता, लेकराच्या पाठीवर थोपटत.

त्या दिवशी साखराबाईंचं कशात मन लागेना. त्यांच्या मुलाची, रविकांतची, क्लासच्या पोरापोरींसाठी मेस होती; सकाळपासून चपात्यांचा ढीग, वरणाचं पातेलं, "काकू, लोणचं" म्हणून ओरडणारी पोरं. साखराबाई एका कोपऱ्यात बसून मेथी निवडायच्या, ते त्यांचं काम. पण उजवा हात काम करीना. त्याला काहीतरी आठवत होतं आणि तो त्यांना सांगत नव्हता. माणसाच्या डोक्यातलं विसरतं हे त्यांना ठाऊक होतं, गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोक्यातून कितीतरी नावं गळून गेली होती. पण हातातलं असं अडकून बसतं हे नवंच. कशासारखं होतं ते? कौलांसारखं? लहानपणी त्या माहेरच्या छपरावर चढून कौलांवर हात टेकायच्या, उन्हानं तापलेल्या. पण कौलं श्वास घेत नाहीत. आईच्या कमरपट्ट्यासारखं? आई निजली की तो तिच्या पोटाबरोबर वरखाली व्हायचा, पण तो गार असायचा. साखराबाईंनी डाळीच्या डब्यात हात घातला, कणसाच्या पानांत घातला, उशाशी ठेवलेल्या जपमाळेवरून फिरवला. "आत्याबाई, काय हरवलंय का?" सून शिल्पानं विचारलं. "हाव," त्या म्हणाल्या, "पण काय ते ठावं न्हाई." शिल्पा हसली. संध्याकाळी ती बाजारातून सीताफळं घेऊन आली, आणि त्यातलं एक, पिकून भेगाळलेलं, तिनं सासूच्या हातात ठेवलं. तळहात त्या खवल्यांवर मिटला, आणि साखराबाई एकदम उठून उभ्या राहिल्या.

जळकोटकडच्या डोंगरातलं त्यांचं माहेर. त्या लहान होत्या तेव्हा मुलूख निजामाकडून सुटून थोडीच वर्षं झाली होती. लोक अजून अंतराला कोस आणि तालुक्याच्या अधिकाऱ्याला तहसीलदारसाहेब बहादूर म्हणत. एकदा वडलांनी वाफ्याच्या बांधावरून एक गोळा आणला होता, धोतराच्या सोग्यात धरून, टरबुजाएवढा. अंगणात ठेवला. खवल्या मांजर, ते म्हणाले. साखरानं हात लावला, भावानं काडी लावली, तो गोळा आणखीच आवळला. आई म्हणाली, जेवून घ्या, ते काही उघडत नाही. वडील म्हणाले, "गप बसा समदे. त्याला वाटू द्या, आपण न्हाईच." आणि मग अख्खं घर अंगणात बसून राहिलं. भाकरी गार झाल्या. शेजारीण विस्तव मागायला आली आणि तीही बसली. साखरानं श्वास इतका धरून ठेवला होता की तिला आपण खरंच नाही असं वाटायला लागलं. अंगण आहे, उजेड आहे, आपण नाही. त्यात भीती नव्हती, उलट फार मोकळं वाटत होतं. तेव्हा त्या गोळ्यातून एक नाक बाहेर आलं, ओलं, लांबुळकं, आणि त्यानं जगाचा वास घेतला. वडलांनी ते दिवस मावळताना डोंगरावर नेऊन सोडलं. पुढं साखराबाईंचं लग्न झालं, लेकरं झाली, नवरा आप्पासाहेब वारले, लातूरला येणं झालं. आणि पुढच्या साऱ्या आयुष्यात इतकं गप्प बसायला कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं पुष्कळदा, पण काही उघडावं म्हणून नाही.

पण आता कुणाला सांगायचं? ऑटोत एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर सीताफळासारखं लेकरू होतं, हे रविकांतला सांगितलं असतं तर त्यानं त्यांना डॉक्टरकडं नेलं असतं. सांगण्यासारखी एकच होती: नात तनुजा. ती वनरक्षक होती. त्या वर्षीच तिला खाकी मिळाली होती आणि नेमणूक जळकोटच्याच बाजूला, आजीच्या माहेरच्या डोंगरांत. भरतीच्या धावण्यासाठी ती पहाटे मैदानावर जायची तेव्हा साखराबाई तिची चप्पल हातात धरून कठड्यावर बसायच्या, आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की त्यांचेच पाय शिवशिवायचे. रविकांतला ही नोकरी मुळीच पसंत नव्हती. "माझ्या मेसमधी दुसऱ्याच्या पोरी डॉक्टर व्हायला येतेत," तो म्हणायचा, "आन माझी पोरगी झाडं मोजायला गेली." त्यानं मोठ्या परीक्षांची पुस्तकं आणून तिच्या टेबलावर रचून ठेवली होती, ती चुकेल, दमेल, परत येईल, याची तो वाट बघत होता, आणि बाप असून वाट बघतोय याची त्याला लाजही वाटत होती. तनुजाच्या बाजूनं घरात एकच मत होतं, साखराबाईंचं. त्या म्हणाल्या, दिवाळीला पोरगी आली की सांगू.

पोरगी आली ती उन्हानं काळवंडून आणि बोलण्यानं भरून. करंज्या लाटता लाटता तिनं सगळं सांगितलं. सकाळच्या गस्तीत सगळे रांगेत चालतात, झुडपांत लावलेले फासे हुडकतात. हे फासे म्हणजे मोटारसायकलच्या क्लचची तार. एकदा सशाचा जीव वाचला, एकदा तिचाच बूट अडकला. त्यांचे वनपाल जिलानी साहेब, उदगीरचे, नेहमी म्हणतात की जंगलात चोर पकडणारा दमतो, रस्त्यावर पकडणारा जिंकतो. "आन आज्जी, दसऱ्यानंतर काय झालं सांगू का? साहेबांना खबर व्हती, एस.टी.तून खवल्या मांजर चाललंय म्हणून. नाक्यावर आम्ही गाडी थांबवली. समद्यांच्या पिशव्या उघडल्या, एका बाबाची तर गादी उसवली. काहीच न्हाई. मागच्या सीटवर एक आजी व्हती, लेकरू घेऊन. मी म्हणलं, आजी, दाखवा की तोंड. तर म्हणली, बाहेरून आलीस पोरी, घामाच्या अंगानं नको बघू, दृष्ट लागंल. मग मी लांबूनच हात ओवाळले आन कानशिलावर बोटं मोडली. समदी वाजली बघ, कडाकडा! गुलाबी कुंची व्हती, आन कापडालाच तीट. लई गोड." रविकांतही हसला. शिल्पा म्हणाली, "माझ्या लेकीला नोकरीत एवढं तरी येतंय." साखराबाईंच्या हातातली करंजी तेलात पडायच्या ऐवजी परातीत पडली.

ती दिवाळी त्यांनी दोन मनांनी काढली. सांगावं तर पोरीच्या तोंडावरचा तो उजेड आपल्याच हातानं मालवायचा. रविकांतची पुस्तकं टेबलावर टपून बसलेलीच आहेत. न सांगावं तर ती म्हातारी उद्याही एस.टी.त बसणार, परवाही, आणि प्रत्येक नाक्यावर कुणीतरी तनुजा बोटं मोडणार. अंगणात फटाके वाजायचे आणि त्यांना वाटायचं, कुठंतरी एक गोळा या आवाजानं आवळत असेल, आणखी आवळत असेल. सगळ्या जगानं गप्प बसायची तो वाट बघतोय, आणि आपण नेमक्या नको तिथं गप्प आहोत. भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी एक सीताफळ फडक्यात गुंडाळलं आणि तनुजाला माजघरात बोलावलं. "डोळे मीट. हात कर. काय हाय?"

"सीताफळ हाय, आज्जी. लहान हाय का मी?"

"ते गरम हाय असं समज. श्वास घेतंय असं समज. हात लावला की आवळतंय."

तनुजाचे डोळे मिटलेलेच राहिले. आधी कपाळाला आठी पडली, मग ती गेली, मग ओठ हलले. "कुठं लागला तुझा हात?"

"ऑटोत. गोलाईतून येताना. गुलाबी कुंची व्हती, माय. कापडाला तीट."

पोरगी सीताफळ छातीशी धरून खाली बसली. "मी दृष्ट काढली," ती म्हणाली. "मी खवल्या मांजराची दृष्ट काढली, आज्जी." आणि रडायला लागली. दारात शिल्पा उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला, पण हसू काही राहीना, आणि मग तनुजाही रडता रडता हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा रडायला. "मी सोडते नोकरी," ती म्हणाली. रविकांत कप घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला. इतके दिवस ज्या वाक्याची वाट बघितली ते त्याच्या पुढ्यात पडलं होतं, आणि त्याला ते उचलावंसं वाटेना. साखराबाईंनी हे बघितलं आणि मनात नोंद करून ठेवली: पोरगा आपलाच आहे. "आदी साहेबाला फोन लाव," तो म्हणाला. "सोडायचं ते सांगून सोड."

फोन स्पीकरवर होता. तनुजानं अडखळत सगळं सांगितलं. मग जिलानी साहेबांचा खर्जातला आवाज आला, "बेटा, बोटं समदी वाजली व्हती का?"

"हाव, सर."

"अच्छा हुआ. मग हसून घे, रडून घे, आन भाऊबीजेचं जेवून उद्या ये. औसा रोडला आम्ही बघतो. आन तुझ्या त्या दादीअम्मांना संगं घेऊन ये. मला असल्या एका म्हातारीची लई दिवसांपासून गरज हाय."

औसा रोडला काही सापडलं नाही. ते पहिलं खवल्या मांजर गेलं ते गेलंच, आणि हे साखराबाईंना पुढं कधी विसरता आलं नाही. पण जळकोटला जाताना त्या खिडकीशी बसल्या होत्या, आणि मन कसं चावट असतं, माहेरच्या रस्त्याला लागलं की त्याला दुःख धरून ठेवता येत नाही. जळकोटच्या रोपवाटिकेत जिलानी साहेबांनी कडुलिंबाखाली तपासणीच्या सरावासाठी खुर्च्यांच्या दोन रांगा मांडल्या होत्या: ही एस.टी. साखराबाई प्रवासी. कुंचीत काय गुंडाळायचं म्हणून घोळ चालला होता, तेव्हा त्याच म्हणाल्या, "वरवंटा आणा की. बारशाला कसं करतो आपण?" बारशाच्या दिवशी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून एकीनं द्यायचा आणि दुसरीनं घ्यायचा, मग खरं बाळ. साखराबाईंनी वरवंटा मांडीवर घेतला, आणि बसल्या बसल्या त्याला थोपटायलाही लागल्या. आपण का थोपटतोय हे त्यांनाही कळलं नाही.

वनरक्षकांत आधी आला शिवम, उमरीचा, भरघोस मिशांचा. त्यानं वाकून नमस्कारच केला आणि आशीर्वाद घेऊन पुढच्या खुर्चीकडं गेला. "अरे लेका, तपासायला आलास का ओटी भरायला?" जिलानी साहेब ओरडले. मग यासेर. तो लाजत म्हणाला, "नानी, बच्चीनं दूध पिलं का?" साखराबाई म्हणाल्या, "न्हाई. तू पाजतोस?" सगळी रोपवाटिका हसली, आणि यासेर कानापर्यंत लाल होऊन उतरला, खुर्च्यांच्या गाडीतून. आरती मात्र जिद्दीची; तिनं सरळ कुंचीला हात घातला. साखराबाईंनी असा टाहो फोडला की पिशव्यांत माती भरणाऱ्या बाया खुरपी घेऊन धावत आल्या आणि काय झालंय हे न विचारताच त्यांच्या बाजूनं भांडायला लागल्या. "बघा," साहेब म्हणाले, "खऱ्या गाडीत असंच व्हणार. कायदा तुमच्या बाजूचा, पण समदी गाडी तिच्या बाजूची. अब बोलो." साखराबाईंना लाज वाटावी इतकी मजा येत होती. जन्मभर ज्या शिव्या त्यांनी तोंडातल्या तोंडात चावल्या होत्या त्या आज सरकारी परवानगीनं बाहेर पडत होत्या. आता तनुजा येणार. तिच्यासाठी त्यांनी एक खास ठेवून दिली होती.

तनुजा आली, आणि बाजूच्या खुर्चीवर नुसती बसली. कडुलिंबाची पानं पडत होती. साखराबाईंना वाटलं, पोरगी घाबरली. साहेब बघतायत, तिची ती चूक सगळ्यांना ठाऊक आहे, आता ही उठून जाईल. तेवढ्यात तनुजानं पदर सावरावा तशी ओढणी सावरली, मांडी सैल केली आणि सहज, अगदी सहज म्हणाली, "द्या आजी, हात भरून आले असतील. घेते जरा." साखराबाईंच्या तोंडात शिवी तयार होती. पण त्यांनी पाहिलं तर मांडी रिकामी होती. त्यांचे हात देऊन मोकळे झाले होते. किती बसमध्ये, किती लग्नांत, किती दवाखान्यांच्या बाकांवर त्या हातांनी लेकरं दिली होती आणि घेतली होती. त्यांनी साखराबाईंना विचारलंसुद्धा नाही. वरवंटा तनुजाच्या मांडीवर होता आणि तिचा तळहात त्याच्या पाठीवर. "दगूड हाय, सर," ती म्हणाली. जिलानी साहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बारशावरून सुचलं," ती पुटपुटली. "वरवंटा कुणी उघडून बघत न्हाई. मागून घेतेत."

त्यानंतर काही दिवस ही मंडळी साध्या कपड्यांत त्या रस्त्याच्या एस.टी.तून पाळीपाळीनं फिरत राहिली. साखराबाई लातूरला परत निघाल्या त्या दिवशी पाळी तनुजाची होती. लुगडं नेसून ती आजीशेजारी बसली होती, आणि मागं शिवम शेतकऱ्यासारखा डुलक्या घेत होता. मध्येच एका फाट्यावर गाडी थांबली आणि आधी लाल गोंडे दिसले. मग गुलाबी. साखराबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि खिडकीकडं तोंड केलं. गाडीत जागा नव्हती. तनुजा सरकली. "या आजी, बसा इथं." म्हातारी दोघींच्या मधोमध बसली. पुन्हा तेच. मांडीला मांडी, आणि कापडातून येणारी ती ऊब, तो श्वास. साखराबाईंना ओरडावंसं वाटत होतं, हीच, हीच; कोपरानं ढोसावंसं वाटत होतं; पण त्या बसून राहिल्या. मागं ज्या गप्प बसण्यानं त्यांना जाळलं होतं ते आज वेगळं होतं. त्याला वाटू द्या, आपण न्हाईच. ज्वारीची हिरवी शेतं मागं पळत होती, कंडक्टर तिकिटं फाडत होता, आणि खिडकीशी कुणीही नव्हतं.

"द्या आजी," पलीकडून तनुजाचा आवाज आला, "हात भरून आले असतील. घेते जरा."

"न्हाई गं माय. वळख न्हाई पाळख न्हाई. दृष्ट लागती."

"माझी न्हाई लागायची," तनुजा म्हणाली. "मागच्या टायमाला मीच तर काढली व्हती. बोटं वाजलेली आठवतेत का?"

पुढच्या सीटवरची एक बाई वळून म्हणाली, "द्या की वो, लेकीवानी हाय." म्हातारी तनुजाच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला खाकी दिसायला लागली होती, लुगड्यातून. आणि तरीही साखराबाईंनी पदराच्या फटीतून पाहिलं: तिचे हात उचलले गेले. तेही जुने हात होते, तेही विचारत नव्हते. अर्ध्यावर तिला भान आलं आणि ते थांबले. पण अर्ध्यावर तनुजाचे हात होतेच. तनुजानं ते मांडीवर घेतलं, त्याच्या पाठीवर तळहात ठेवला, आणि तिचा चेहरा असा झाला की साखराबाईंना तिचं बारसं आठवलं.

"मास्तर, गाडी बाजूला घ्या," ती कंडक्टरला म्हणाली. शिवम उठून दाराशी उभा राहिला. "आन कुणी वरडू नका. हे लेकरू आवाजानं दचकतं." तिनं कुंचीचा गोंडा जरासा बाजूला केला. तपकिरी खवले दिसले. सबंध गाडी उभी राहिली आणि सबंध गाडी गप्प झाली. पुढच्या सीटवरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. म्हातारी हळूच खिडकीकडं वळली. "तूच व्हय," ती म्हणाली.

साखराबाईंनी पदर खाली घेतला. "हाव."

"त्या दिवशीच वळखलं मी. तुझा हात लई वेळ ऱ्हायला." मग तिनं विचारलं, "आता हातात बेड्या घालतेत का गं?"

"ठावं न्हाई बाई. माझी नात हाय, नीट वागवंल."

तिचं नाव गुरम्मा, सीमेकडच्या एका गावची. जावयाचा हायवेला ढाबा होता, आणि खवल्यांपासून औषध बनतं, घरात बरकत येते, असल्या खुळ्या समजुतींवर जगणारी त्याची गिऱ्हाइकं. सासूच्या मांडीवर कुणी संशय घेणार नाही, ही अक्कल त्याची.

पशुवैद्यानं तपासलं, न्यायालयानं परवानगी दिली, आणि मग एका संध्याकाळी तनुजानं आजीला पुन्हा बोलावून घेतलं. डोंगर तोच होता की शेजारचा, हे साखराबाईंना सांगता येईना. झाडं बदलली होती, त्यांचे डोळेही बदलले होते. गोळा गवतात ठेवला होता. सगळे लांब बसले. शिवमच्या खिशात मोबाईल वाजला तसा जिलानी साहेबांनी नुसता डोळ्यांनी त्याचा जीव घेतला. मग वारा पडला. साखराबाई श्वास धरून बसल्या, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा तसं झालं: डोंगर आहे, मावळता उजेड आहे, आणि बसलेलं कुणी नाही, म्हातारपण नाही, दुखणारे गुडघे नाहीत. नाक बाहेर आलं. ओलं, लांबुळकं. त्यानं जगाचा वास घेतला, जगानंही बहुधा बरा दिला, कारण ते उठलं आणि मागच्या पायांवर, पुढचे दोन्ही पंजे छातीशी जुळवून, एखादी म्हातारी उशीर झाला म्हणून हात चोळत घरी निघावी तसं तुरुतुरु निघून गेलं.

आता यालाही काही वर्षं होतील. जिलानी साहेब निवृत्त झाले. उदगीरला घराच्या गच्चीवर गुलाब लावतात, आणि गोष्ट सांगताना गाडीत आपणही होतो असं सांगतात. कुणी दुरुस्त करत नाही. शिवमनं मिशा काढल्या, लग्न ठरलं म्हणून. आरती आता गस्तीच्या तुकडीची प्रमुख आहे, आणि यासेर कुठल्याही लेकराला पाहिलं की आधी हात पुढं करतो. त्याच्या बहिणी त्याला चिडवतात. रोपवाटिकेत नवी पोरं शिकायला येतात तेव्हा कडुलिंबाखाली खुर्च्या मांडल्या जातात, वरवंटा येतो, आणि शिकवायला तनुजा उभी राहते. रविकांतनं टेबलावरची पुस्तकं मेसमधल्या एका होतकरू पोराला देऊन टाकली. भिंतीवर आता तनुजाचा खाकीतला फोटो आहे, आणि मेसमध्ये नवं पोर आलं की जेवायच्या आधी त्याला तो बघावा लागतो.

गुरम्माचा जावई तुरुंगात गेला. तिला जामीन मिळाला. साक्षीच्या तारखेला दोघी म्हाताऱ्या कोर्टाच्या एकाच बाकावर बसल्या होत्या. गुरम्मानं चंची उघडून पान लावलं, एक स्वतः घेतलं, दुसरं पुढं केलं. साखराबाईंनी घेतलं. "माझी खरी नात हाय बरं का," गुरम्मा म्हणाली, "ती कुंची तिचीच." "मोठी झाली का?" "साळंत जाती."

आणि मागच्या हिवाळ्यात तनुजानं एक फोटो पाठवला. डोंगरात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं आपोआप काढलेला. करड्या उजेडात खवल्या मांजराची एक मादी चाललीय, आणि तिच्या शेपटीवर, अगदी बुडाशी, तिला बिलगून, इवल्या नखांनी घट्ट धरून बसलेलं एक पिल्लू. खवले अजून कोवळे, फिकट. ही आपण सोडलेली तीच का, म्हणून साखराबाईंनी फोनवर विचारलं. तनुजा म्हणाली, कसं सांगणार आज्जी, तीही असंल, दुसरीही असंल. साखराबाईंनी दुसरीचा विचारच केला नाही. त्यांनी मोबाईल खिडकीशी उजेडात धरला, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शिल्पा चपात्या लाटता लाटता थांबून बघत राहिली. साखराबाईंनी मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला, त्याच्यावरून दोन्ही हात ओवाळले, आणि कानशिलावर बोटं मोडली. सगळी वाजली.